सुंद्रा तोलून दाखवते

सेलू, कार्तिक वद्य ३, शके १८५६

आज हजेरीपटावर नवीन नाव घातलं. सुंद्रा बन्सीधर. लिहिताना टाक कागदात रुतला आणि शाई फुटली. मुलींना वाटलं, टाक खराब आहे.

मुलगी नऊ वर्षांची. नाक बापाचं. दारात उभी राहिली तेव्हाच मी ते नाक ओळखलं.

ही वही नवी आहे, तिला काहीच माहीत नाही, म्हणून एकदा सांगून टाकते. मी अकराव्या वर्षी या बन्सीधरची बायको झाले. पंधराव्या वर्षी त्याने मला गाडीत घालून पाथरीला माहेरी आणलं, माझं लुगड्यांचं गाठोडं स्वतः उचलून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "चार दिवस राहा, न्यायला येतो." मी दिवाळीपर्यंत वाट पाहिली, मग संक्रांतीपर्यंत, मग पुढच्या दिवाळीपर्यंत. शिमग्यात कळलं की त्याने दुसरी केली. का टाकलं ते आजवर कोणी सांगितलं नाही. माझा दोष तरी सांगायचा होता, मी तो उगाळत बसले असते.

भावाने मला पुण्याला शिकायला घातलं. मी माहेरचं नाव लावलं, मास्तरीण झाले. मला परभणीत चांगली जागा मिळत होती, मी सेलू मागून घेतलं. शाळेचे चिटणीस दिनकरराव वकील यांना वाटलं, बाईला रेल्वेची सोय हवी असेल. मला मोंढ्याची सोय हवी होती. बन्सीधर तिथे कापसाचा आडत्या आहे आणि त्याचा काटा आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर टांगलेला आहे.

शाळा म्हणजे धर्मशाळेची पडवी. दगडाबाई सकाळी घरोघर फिरून मुली गोळा करून आणते, मौलवीसाहेब आठवड्यातून दोनदा येऊन उर्दू शिकवतात, बाकी सगळं माझ्या अंगावर. आल्यापासून वर्षभर मी नुसता विचार करत होते की या माणसाचं काय करावं. आता देवाने सावज आणून दारात बांधलं आहे.

कार्तिक वद्य ११

आजपासून क्रियापदं. पुस्तकातली व्याख्या मुलींनी घोकली आणि घोकताना निम्म्या पेंगल्या. मग मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "तोंड बंद. एकीने उठायचं आणि काहीतरी करून दाखवायचं. बाकीच्यांनी ओळखायचं."

पडवीत एकदम जीव आला. आश्रुबाची भिवरा उठली. आश्रुबा म्हणजे जवळच्या खेड्यातला शेतकरी, त्याने पोरीला शिकण्यासाठी इथे मावशीकडे ठेवली आहे. भिवराने मांडी घालून असं काही जातं ओढलं की मला पीठ दिसलं. सगळ्या ओरडल्या, "दळणे!" मग पाखडणे, लिंपणे, शेंदणे, वळणे. एकीने ढेकर देऊन दाखवला, त्याला काय म्हणावं यावर भांडण झालं.

सुंद्राने दोनदा हात वर केला. मी तिला उठवलं नाही. तिला दाराशी बसवली आहे, जिथे वारा लागतो. यात माझं काही चुकत नाही, कोणीतरी तिथे बसायलाच हवं.

तिच्या आईने दगडाबाईच्या हाती ओंजळभर बोरं पाठवली होती. नर्मदाबाई तिचं नाव, त्या घरातली माझी जागा घेतलेली. "बाईस्नी द्या म्हनल्या," दगडाबाई म्हणाली. मोठेपणा दाखवायची हौस बघा! मी ती बोरं तिथेच मुलींना वाटून टाकली.

मार्गशीर्ष शुद्ध ६

आज क्रियापदांचे दोन प्रकार शिकवले. काही क्रिया दुसऱ्यावर जाऊन पडतात, त्या सकर्मक. काही करणाऱ्याच्या अंगातच राहतात, त्या अकर्मक. ओळखायची खूण सोपी: "काय?" असं विचारायचं. भिवरा दळते. काय? ज्वारी. भिवरा झोपते. काय? काहीच नाही.

शिकवता शिकवता मनात आलं, त्याने जे केलं ते सगळं पहिल्या प्रकारातलं. आणली, नेली, सोडली. माझं सगळं दुसऱ्यातलं. बसले, रडले, कुढले. आता मलाही पहिल्या प्रकारात यायचं आहे.

प्रत्येकीला दोन दोन वाक्यं सांगायला लावली. सुंद्राची पाळी आली. ती म्हणाली, "आबा ताट फेकतेत." मी विचारलं, कोणता प्रकार? "सकर्मक. ताट." दुसरं? "आई भिती. हे दुसरं." दोन्ही बरोबर होती. मुली हसल्या, सुंद्रा हसली नाही.

मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? माझ्या ताटावर येऊन बसली होती ती बाई, आता तेच ताट तिच्या अंगावर येतं आहे. मी शाबास म्हटलं नाही.

मार्गशीर्ष वद्य २

सापडलं!

आज सुंद्राला उठवावंच लागलं, बाकी सगळ्यांच्या क्रिया संपल्या होत्या. ती मधोमध येऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी हवेतलं काहीतरी मोठं कवटाळलं, मोंढ्यात माप मोजताना "एक" न म्हणता म्हणतात तसं "लाभ" म्हणाली, डावा गुडघा हळूच वाकवून त्या मोठ्या वस्तूच्या बुडाला लावला, किंचित वर उचलला आणि मान वर करून आभाळाकडे बघत राहिली. मुली एका सुरात ओरडल्या, "तोलणे!" सेलूच्या पोरींना एवढं कळणारच, अर्धं गाव काट्यावर जगतं.

भिवरा मात्र म्हणाली, "गुडघा कामून लावायलीस गं?"

सुंद्रा तिच्याकडे असं बघत राहिली की जणू भिवराने विचारलं, पाणी तोंडानेच का पितेस. "गुडघा लावल्याबिगर तोलता येत न्हाई," ती म्हणाली. "आन खाली बघायचं नसतंय. आबा वरी बघतेत."

"तरीच," भिवरा म्हणाली. "आमचा बा म्हनतो, घरी भरलेलं पोतं मोंढ्यात येस्तोवर हलकं होतंय. वाऱ्यानं होतंय म्हनं."

मी पाठ फिरवून फळा पुसायला लागले. फळ्यावर काहीच नव्हतं. टांगलेल्या पोत्याला खालून गुडघ्याचा टेका दिला की कापूस हलका भरतो. शेतकऱ्याची नजर काट्याच्या दांडीवर असते, पायाकडे कोण बघतो? आणि या पोरीने जन्मापासून तेवढंच बघितलं, म्हणून तिला वाटतं, तोलणं म्हणजे असंच. चोरी कशी करतात ते तिला माहीत नाही. तिला फक्त आपला बाप काम कसा करतो ते माहीत आहे.

संध्याकाळी स्वयंपाक करताना मी गात होते. शेजारच्या धुरपताबाईंनी भिंतीवरून विचारलं, "काय बाई, काही गोड बातमी?"

मार्गशीर्ष वद्य ९

दिनकररावांकडे गेले होते. रथसप्तमीला बक्षीस समारंभ आहे. तहसीलीतून परवानगी आली. तो बाजाराचा दिवस, म्हणून समारंभ मोंढ्यातच मोकळ्या जागेत घ्यायचा. पडवीवर पत्रे घालायचे आहेत आणि पत्र्यांसाठी आडत्यांची मनधरणी करायची आहे. पुढच्या रांगेत खुर्च्या, हार, अत्तर. बन्सीधरने सगळ्यांत मोठी देणगी कबूल केली आहे, त्याची खुर्ची मधली.

मी म्हटलं, "मुलींनी क्रियापदं करून दाखवावीत आणि लोकांनी ओळखावीत. लोकांना मजा येईल." दिनकररावांना कल्पना फार पसंत पडली. "वाहवा, बाई! लोकांना कळू तरी द्या, मुली शिकून काय करतात."

कळेल.

पौष शुद्ध ३

तालीम रोज चालू आहे. दहा मुली, दहा क्रिया. सुंद्रा शेवटी. मी तिला इतकंच सांगितलं, "आबा करतात तसंच कर, एकही गोष्ट गाळू नकोस." याहून एक शब्द मी जास्त बोलले नाही. हे मुद्दाम नोंदवून ठेवते. मी तिच्याकडून खोटं काही करून घेत नाही.

पोरगी हुशार आहे, ते नाकारून चालणार नाही. दिनकररावांनी परवा तिचं वाचन ऐकलं. म्हणाले, "ही एक मुलगी पुण्यापर्यंत जाईल. बापाची मर्जी राखा म्हणजे झालं." आज तालीम संपल्यावर ती मागे रेंगाळली. मी विचारलं, काय गं?

"आई म्हनती, तुला बाईंवानी व्हायचंय."

माझ्यावानी, म्हणजे नवऱ्याने टाकलेली? त्या बाईचा टोमणा पोरीच्या तोंडून आला तरी मला कळतो. मी म्हटलं, "आईला सांग, तसं व्हायला फार काही करावं लागत नाही."

पोर गेली नाही. पदराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मोठी..." आणि थांबली. मोठी काय? मोठी बाई? तिला शब्द आठवेना. तोंड लाल करून पळून गेली.

पौष शुद्ध ९, संक्रांत

गावात हळदीकुंकवाची धांदल आहे. मला कोणी बोलवत नाही. सवाष्ण म्हणावी तर घर नाही, विधवा म्हणावी तर नवरा ठणठणीत जिवंत. लोकांची पंचाईत होते, म्हणून ते मला वगळतात. मला सवय आहे.

दुपारी दगडाबाई ताट घेऊन आली. हळद, कुंकू, तीळगूळ, एक हिरवा खण. "नर्मदाबाईंनी पाठवलंय. म्हनल्या, मान पहिला त्यांचा, मंग बाकीच्यांचा."

म्हणजे तिला माहीत आहे मी कोण! आणि माहीत असून ताट धाडते! मान म्हणे पहिला. खुर्चीत बसलेल्याने उभं असलेल्याला "बसा" म्हणावं तसं. मी खण परत पाठवला. दगडाबाई म्हणाली, "बाई, सणाचं वाण परत करू न्हाई." मी म्हटलं, मग तू ठेव. तिने कपाळाला लावून ठेवून घेतला.

दिवसभर मन जरा उदास होतं. वाटलं, पोरीला उभं करू नये का? पण मग आठवलं ते पाथरीच्या ओट्यावरचं गाठोडं. त्याने स्वतः उचलून ठेवलं होतं, किती काळजीने! काळजी नाही, घाई होती ती. रथसप्तमी ठरली ती ठरली.

माघ शुद्ध ७, रथसप्तमी

झालं. सगळं लिहून काढल्याशिवाय जेवण जायचं नाही.

मोंढा भरला होता. पुढे खुर्च्यांवर आडते आणि परभणीहून शाळा तपासायला आलेले तालिमातचे साहेब, मागे बाजाराला आलेले शेतकरी, भिंतीवर पोरं. बन्सीधर मधल्या खुर्चीवर, गळ्यात झेंडूचा हार, पोट सुटलेलं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि दिनकररावांशी बोलायला लागला. वर्षभर हे असंच. मी म्हणजे भिंतीवरचा खिळा.

मुली एकेक करून आल्या. भिवराने मोट हाकून दाखवली तेव्हा शेतकऱ्यांनी ओरडून मोंढा डोक्यावर घेतला. साहेबसुद्धा मोडक्या मराठीत "हाकणे!" म्हणाले. मग सुंद्रा आली. परकर सावरला, आधी बापाकडे बघून हसली, मग माझ्याकडे.

तिने हवेतलं पोतं कवटाळलं. "लाभ." गुडघा गेला बुडाशी, मान गेली आभाळाकडे. इतकं हुबेहूब की तिच्या अंगात तिचा बाप आला होता. पुढच्या रांगेतला एक आडत्या सवयीने ओरडला, "तोलणे!" आणि लगेच त्याचं तोंड मिटलं.

मग मागून आश्रुबाचा आवाज आला, "पोरी, तोललंस ते बराबर हाय. आन त्यो गुडघा?"

सुंद्राने अगदी खणखणीत उत्तर दिलं, वर्गात देते तसं. "गुडघा लावल्याबिगर तोलता येत न्हाई. घेतानी लावायचा असतोय. देतानी आबा काढून घेतेत."

हे शेवटचं तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. देवाशपथ, मला माहीत नव्हतं. मी जेवढं पेरलं त्याच्या दुप्पट उगवलं.

आधी भिंतीवरची पोरं हसली, मग मागचे सगळे. कोणीतरी ओरडलं, "शेठ, उभं ऱ्हावा, गुडघा बघू द्या!" पुढच्या रांगेतलं कोणी हसलं नाही. ज्याचा त्याचा गुडघा ज्याला त्याला ठाऊक. बन्सीधरने हार काढून मांडीवर ठेवला आणि तो सरळ माझ्याकडे बघायला लागला. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याने मला बघितलं. मीही बघितलं. नजर मी खाली केली नाही, त्याने केली.

सुंद्राला वाटलं, लोक तिच्यावर खूश होऊन हसताहेत. तिने नमस्कार केला आणि धावत माझ्याकडे आली. मी म्हटलं, "शाबास." तिला मी दिलेली ही पहिली शाबासकी. ती आनंदाने माझ्या हाताला बिलगली.

माघ शुद्ध ११

गावात दुसरा विषय नाही. शेतकऱ्यांनी बन्सीधरच्या काट्याखाली चुन्याची रेघ ओढली आहे, तोलणाऱ्याने तिच्या बाहेर उभं राहायचं. तरीही गाड्या त्याच्याकडे वळत नाहीत. त्याच्या वखारीवरून पोरं लंगडत जातात आणि आपला गुडघा थोपटतात. आश्रुबाने मला देवळापाशी गाठून वाकून नमस्कार केला. "बाई, तुमी डोळे उघडले आमचे."

दिनकरराव रागाने लाल आहेत. पत्रे गेले. पण माझ्यावर काय म्हणून रागावणार? मुलीने तोलणे करून दाखवलं, दुसरं काय केलं?

सुंद्रा शाळेत आलेली नाही. दगडाबाई तिच्या दारावर गेली तर दार उघडलं नाही. येईल चार दिवसांनी.

माघ वद्य ५

भर दुपारी नर्मदाबाई आली. मुली जेवायला गेल्या होत्या. पडवीच्या खांबाला धरून उभी राहिली. मी तिला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, अंगावर दागिने असतील, चेहऱ्यावर तोरा असेल. माझ्याहून लहान आणि माझ्याहून थकलेली. कपाळाच्या कडेला एक जुनी खोक.

"अक्का," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मी तुमची अक्का नाही."

"हाव. तुमी नसल्या मानीत तरी हाव." मग ती खाली बसली आणि जमिनीकडे बघत बोलायला लागली. तिचे शब्द आठवतात तसे लिहिते. "सुंद्रीचं लगीन ठरवलंय त्यांनी. सोनपेठचं स्थळ हाय. बिजवर, दोन लेकरांचा बाप. म्हनतेत, जिनं माझं तोंड काळं केलं ती माझ्या घरात नको. मी पाय धरले. तवा म्हनाले, एकच वाट हाय. त्या मास्तरणीनं मोंढ्यात यावं आन चार लोकांसमोर सांगावं की गुडघा मीच शिकवला होता, शेठचं काही खोटं न्हाई. मंग पोरगी शाळंत ऱ्हाईल."

मी हसले. खरोखर हसले. म्हटलं, "म्हणजे मी खोटं बोलायचं, माझी नोकरी घालवायची आणि त्याचा काटा पुन्हा चालू करून द्यायचा. आणि कुणासाठी? तुमच्यासाठी? माझ्या ताटावर येऊन बसलात तेव्हा अक्का आठवली नाही?"

"मी बारा वर्साची होते," ती म्हणाली. "मला कोन इचारलं?"

मी पाट्या एकावर एक रचायला लागले.

"तुमी सेलूत आल्या तवाच मी वळखलं. तीन दिस अन्नाला शिवले न्हाई, तवा त्यांनी पोरीला हितं घातलं. मला तुमच्याच हाताखाली घालायची होती. तिला सांगितलंय, त्या तुजी मोठी आई. तुमाला सोडलं तसं उद्या हिला कुनी ओट्यावर सोडून गेलं, तर हिला तुमच्यावानी उभं ऱ्हाता यावं म्हनून." तिने डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "तुमचा सूड मला कळतोय, अक्का. मला तर गोड लागला. त्या दिवशी मी चुलीपाशी बसून तोंडात पदर कोंबून हसले. पन आता पोर द्या."

मी म्हटलं, विचार करते. ती गेली. बसली होती त्या जागी जमिनीवर तिच्या बोटांनी ओढलेल्या रेघा होत्या.

माघ वद्य ६

विचार केला. नाही. तिचं लग्न ठरवलं ते त्याने, मी नाही. करणारा तो आहे. माझी आई पाया पडली होती त्याच्या. मी का वाकू?

माघ वद्य ८

दाराशी आता भिवरा बसते. म्हणाली, "बाई, हितं लय वारं लागतंय. सुंद्री कशी बसायची?"

माघ वद्य ९

उद्या जाणार. वाक्य ठरवून ठेवलं आहे: "गुडघ्याची कल्पना माझी होती, मुलीला मी शिकवली, बन्सीधरशेठची मी माफी मागते." आरशासमोर म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी जमलं. नोकरी गेली तर पाथरीला भावाकडे जाईन. पोरगी शिकू दे. नर्मदाबाईला निरोप पाठवला.

माघ वद्य १०

गेले होते.

त्याने लोक जमवून ठेवलेच होते. आडते, हमाल, दोन-तीन गाड्यांचे शेतकरी, आश्रुबासुद्धा. चुन्याची रेघ बाकी कोणाच्याच काट्याखाली नव्हती, फक्त त्याच्या. तो गादीवर बसला होता, मला बघून उठला आणि सामोरा आला. अगदी पाहुण्याला घ्यावं तसा.

मी तोंड उघडलं. पहिला शब्द जिभेवर होता. तेवढ्यात तो जवळ वाकला आणि मला एकटीला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "तुला न्यायला यायचंच होतं गं. राहून गेलं बघ."

आणि हसला. दुष्टपणाने नाही. एखाद्याने बाजारातून मीठ आणायचं विसरावं आणि हसावं, तसा. पंधरा वर्षांची मी ओट्यावर बसून प्रत्येक गाडीची घुंगरं ऐकायची. त्याचं राहून गेलं होतं.

मग तो मोठ्याने म्हणाला, "बोला मास्तरीणबाई. सांगा समद्यांना."

मी सांगितलं. माझा आवाज मोंढ्याच्या त्या टोकापर्यंत गेला असेल. "मी मुलीला काही शिकवलं नाही. तिने जन्मापासून घरी जे बघितलं ते करून दाखवलं. आज हा माणूस मला खोटं बोलायला इथे घेऊन आला आहे, हेही ऐकून ठेवा."

पुढे काय गोंधळ झाला ते मी पाहिलं नाही. आश्रुबाने काट्याची दोरी कापली म्हणे, आणि तो काटा धाडकन खाली आला. तो आवाज मी वळणावर ऐकला. आता तो काटा सेलूत पुन्हा टांगला जाणार नाही.

घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. वर्षानुवर्षांची भूक असावी तशी खाल्ली. आता त्याचं संपलं. मी जिंकले, हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

नर्मदाबाई तिथे होती का? बायकांच्या घोळक्यात कोणीतरी मटकन खाली बसलेलं मला दिसलं. ती नसेल.

माघ वद्य १३

ती होती. दगडाबाईने सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर झाडू टाकून घरी निघून गेली. आज मुली गोळा करायला कोणी नव्हतं. पाच जणी आपल्या आपण आल्या.

मी शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

फाल्गुन शुद्ध ११

आज सकाळपासून वाजंत्री. शाळेला सुट्टी दिली नव्हती, पण मुली आल्याच नाहीत, सगळ्या जेवायला तिकडे. मी पडवीत एकटी बसून जुन्या पाट्या धुतल्या. दिनकरराव येऊन सांगून गेले की परभणीहून नवीन मास्तर येतील, मी महिनाअखेर जागा सोडावी. मी बरं म्हटलं.

कलती दुपार झाली तेव्हा गाड्या निघाल्या. सोनपेठचा रस्ता आमच्या दारावरूनच जातो. मी आत जाणार होते, पण गेले नाही. पहिल्या गाडीत नवरदेव, मिशा रंगवलेला. दुसरीत बायका, आणि मध्ये हळदीने पिवळी झालेली सुंद्रा. मुंडावळ्या नाकावर येत होत्या, त्या ती एका हाताने बाजूला सारत होती. बरोबर पाठराखीण म्हणून कोणी म्हातारी होती. नर्मदाबाई गाडीमागून चालत होती, वेशीपर्यंत.

सुंद्राने मला पाहिलं आणि ती चालत्या गाडीत उठून उभी राहिली. मी वर्गात आले की मुली उभ्या राहतात, तशी, हात मांड्यांना चिकटवून, सरळ. बायका ओरडल्या, "अगं पडशील, बस!" म्हातारीने खांदा दाबून तिला खाली बसवली. ती पुन्हा उठली. बाई "बसा" म्हणाल्याशिवाय बसायचं नसतं, ते मीच शिकवलं होतं.

एकच शब्द म्हणायचा होता. मी उंबऱ्यावर उभी होते, गाडी पाच हातांवर होती, आणि माझ्याने तो म्हणवला नाही. नर्मदाबाई माझ्यासमोरून गेली, तिने वर पाहिलं नाही.

त्यांनी पोरीला परत खाली दाबली. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती उठतच होती.